रुग्णाचे रडणे थांबवण्याची घाई नको

प्रश्नकर्त्यांनी मांडलेला प्रसंग थोडक्यात असा आहे. परिचर्या सहाय्यक म्हणून रुजू होऊन त्यांना सहा महिने झाले आहेत. एका पाळीत बारा-तेरा रुग्णांचे अंग पुसणे, कूस बदलणे, भरवणे, बेडपॅन देणे हे सगळे त्यांच्याकडे असते. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या एक वृद्ध बाई परवा अंग पुसून घेताना अचानक रडू लागल्या आणि "आता जगून तरी काय करायचं?" असे म्हणाल्या. प्रश्नकर्त्यांच्या तोंडून पटकन "असं बोलू नका, सगळं ठीक होईल" एवढेच निघाले. त्या बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या आणि प्रश्नकर्ते निघू लागल्यावर "हे कोणाला सांगू नकोस" असेही म्हणाल्या. प्रश्न असा, की समुपदेशनाचे शिक्षण नाही, हाताशी वेळ नाही, तर अशा वेळी नेमके काय बोलायला हवे होते.

मी हे काम १९ वर्षे करते आहे. सुरुवातीची काही वर्षे शस्त्रक्रियेच्या वॉर्डमध्ये होते, नंतर वृद्धांच्या विभागात आले, आणि अलीकडे नव्या सहाय्यकांना शिकवण्याचे कामही माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून लिहिते. मात्र मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी एक गोष्ट करायची आहे आणि ती आजच करायची आहे. त्या बाईंचे वाक्य तुम्ही अजून वॉर्डच्या परिचारिकांना सांगितले नसेल, तर वाचणे इथेच थांबवून आधी ते सांगा. पाळी संपली असेल तर फोन करून आत्ता कामावर असलेल्यांना सांगा. "जगून काय करायचं" हे उद्गार पुष्कळदा वेदनेतून, थकव्यातून किंवा अपमानाच्या भावनेतून येतात, आणि कधी कधी त्यांच्यामागे स्वतःला संपवण्याचा खरा विचार असतो. नुसते ऐकून यातले काय खरे हे मला इतक्या वर्षांनंतरही ओळखता येत नाही. ते ठरवण्याची जबाबदारी परिचारिका, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची आहे. पण त्यांच्यापर्यंत ते वाक्य पोचलेच नाही, तर ते ठरवणार कशाच्या आधारे? सांगताना "त्या जरा निराश वाटतात" असा स्वतःचा सारांश सांगू नका. किती वाजता, काय करताना, कोणत्या शब्दांत त्या बोलल्या, ते जसेच्या तसे सांगा आणि त्याची नोंद झाली आहे ना, तेही विचारा.

"कोणाला सांगू नकोस" या विनंतीने तुम्ही अडखळला असाल, हे मी समजू शकते, कारण मी स्वतः एकदा असे वचन देऊन बसले होते. अपघातात पाय गमावलेला एक तरुण रुग्ण रात्रीच्या गोळ्या गिळल्याचे दाखवून त्या साठवत होता आणि ते त्याने मला विश्वासाने सांगितले. मी नवी होते, त्याचा विश्वास मला फार मोलाचा वाटला, आणि मी "नाही सांगणार" असे म्हटले. ती संपूर्ण रात्र मी घरी जागून काढली आणि पहाटे वॉर्डला फोन केला. नंतर तो कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. ते मला चालले. तेव्हापासून कोणी "एक सांगू का, पण कोणाला बोलायचं नाही" अशी सुरुवात केली, की मी ऐकण्याआधीच सांगते: "तुमची गोष्ट मी गप्पांत कुठेही बोलणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर सिस्टरना सांगावंच लागेल." हे ऐकूनही बहुतेक लोक बोलतात. बहुधा त्यांना ते कोणाला तरी कळावे असेच वाटत असते.

आत्महत्येविषयी स्पष्ट विचारले तर तो विचार रुग्णाच्या डोक्यात आपणच घालू, अशी भीती बऱ्याच जणांना असते. या विषयावर झालेल्या अभ्यासांतून या भीतीला आधार मिळालेला नाही. उलट कोणीतरी थेट विचारले याने अनेकांना हलके वाटते. "जगून काय करायचं म्हणता, म्हणजे स्वतःला संपवावं असं मनात येतं का?" असे शांतपणे विचारता येते. सहाय्यकाने ते स्वतः विचारावे की लगेच परिचारिकेला बोलवावे, हे ज्या त्या ठिकाणच्या नियमांवर अवलंबून आहे आणि ते नियम तुम्ही विचारून घ्यायला हवेत. उत्तर होकारार्थी आले, तर मात्र रुग्णाला एकटे सोडायचे नाही; जागेवरूनच घंटा वाजवून मदत बोलवायची आणि कोणी येईपर्यंत तिथेच थांबायचे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. तुम्ही योग्य वाक्य शोधत आहात. असे वाक्य नाही, आणि अडचण वाक्याची नव्हतीच, असे मला वाटते. समोरचे माणूस रडू लागले की आपल्याला आतून अस्वस्थ वाटते आणि ते रडणे लवकर थांबावे अशी आपली गरज असते. "सगळं ठीक होईल" हे आपण त्या गरजेपोटी म्हणतो. रुग्णाला ते बरोबर कळते. आपले दुःख या माणसाला जड होत आहे, हे त्याला दिसते आणि ते माणूस शहाण्यासारखे गप्प होते. त्या बाईंनी भिंतीकडे तोंड केले ते बहुधा यामुळेच. यात तुमचे काही विशेष चुकले असे समजू नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येविषयी लिहिताना रुग्णाला उथळ धीर देणाऱ्यांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले आहे, म्हणजे ही खोड दीडशे वर्षांपूर्वीही होतीच.

मग त्या क्षणी काय करायचे? माझी सवय सांगते. हातातले काम थांबवते, पण आधी रुग्णाच्या अंगावर टॉवेल किंवा चादर ओढते, कारण अर्धवट उघड्या अंगाने रडणे ही फार केविलवाणी अवस्था असते. हात पुसते, शेजारी बसते किंवा निदान डोळ्यांच्या पातळीवर खाली वाकते, आणि गप्प राहते. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजते, नाहीतर मलाही बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यानंतर "सगळ्यात जास्त काय जड जातंय?" एवढेच विचारते. "का रडता?" असे मी विचारत नाही, कारण 'का' म्हटले की माणसाला खुलासा द्यावासा वाटू लागतो. जे उत्तर येते, त्यातला शब्द उचलून परत ठेवते. त्या म्हणाल्या "मी ओझं झालेय", तर "ओझं झाल्यासारखं वाटतंय तुम्हाला" असे म्हणते. कागदावर हे बाळबोध दिसते, पण प्रत्यक्षात पुढचे बोलणे बहुधा इथूनच सुरू होते.

आणि पुढे जे येते ते आपल्या अंदाजाहून निराळे निघते, हा माझा वारंवारचा अनुभव आहे. शस्त्रक्रियेनंतर रोज सकाळी रडणारे एक गृहस्थ होते. सगळ्यांना वाटे की आजाराची भीती असेल. त्यांना रडू येत होते ते वेगळ्याच कारणाने: आयुष्यभर कोणासमोर सदराही न काढलेल्या त्या माणसाला रोज वेगळीच व्यक्ती येऊन पुसून जात होती. आम्ही त्यांच्यासाठी दोन ठरावीक सहाय्यक नेमले, नाजूक भाग त्यांचे ते स्वतः पुसतील अशी सोय केली, आणि सकाळचे रडणे आठवड्याभरात थांबले. आजार तेवढाच होता. 'भीती वाटतेय का, घाबरू नका' असा धीर त्यांना महिनाभर दिला असता तरी त्याचा काही उपयोग झाला नसता.

याच्यावरूनच माझे मुख्य म्हणणे येते. रुग्णाच्या मनाला आधार देणे हे अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे यांच्या जोडीचे आणखी एक काम आहे, असे धरले तर त्याला कधीच वेळ मिळणार नाही. आपल्या बाबतीत तो आधार याच कामांच्या आत असतो. दिवसभरात रुग्णाच्या शरीराशी सर्वांत जास्त वेळ आपला संबंध येतो, आणि परावलंबी माणसाचा आत्मसन्मान टिकतो किंवा जातो तो याच वेळी. पडदा बाजूला करण्यापूर्वी "आत येऊ का?" असे विचारणे, हात लावण्यापूर्वी काय करणार आहोत ते सांगणे, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवणे, यांना वेगळी मिनिटे लागत नाहीत. निवड देणेही तसेच: "आधी तोंड धुऊ की आधी कूस बदलू?" ज्याच्या हातून सगळेच निर्णय गेले आहेत, त्याला हा एवढासा निर्णय फार मोठा वाटतो. फक्त निवड खरी असावी. "औषध घ्यायचं का?" असे विचारून नाही म्हटल्यावर घ्यायलाच लावणे, यापेक्षा न विचारलेले परवडते.

संबोधनाविषयी थोडे अवांतर लिहिते, कारण आपल्याकडे यात चूक प्रेमापोटीच होते. आजी, आजोबा, मावशी, काका ही हाक आपण आपुलकीने देतो आणि पुष्कळांना ती आवडते. पण साठीच्या एका बाईंनी मला एकदा विचारले होते, "तुम्ही मला आजी का म्हणता? माझं नाव तक्त्यावर लिहिलेलं आहे." त्या दिवसापासून मी पहिल्याच भेटीत "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" असे विचारते आणि मिळालेले उत्तर पुढच्या पाळीलाही सांगते. लहान मुलाशी बोलावे तसा लाडिक सूर तर टाळलेलाच बरा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा चित्रित करून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अशा सुरात बोलल्यावर रुग्ण शुश्रूषेला विरोध करण्याची शक्यता वाढते. "चला, आता आपण छान छान अंघोळ करू या" असे ऐकल्यावर हात झटकणारे आजोबा चिडखोर असतीलच असे नाही. कदाचित त्यांना आपला सूरच खटकला असेल.

वेळेविषयी तुमची तक्रार खरी आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. बारा-तेरा रुग्णांमागे एक सहाय्यक असेल, तर काही रुग्णांच्या वाट्याला त्या दिवशी कमीच येणार. तरी मिळालेला वेळ कसा दिला यावर पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या १२० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर काही रुग्णांशी बसून बोलले आणि काहींशी उभ्याने. दोन्ही गटांत प्रत्यक्ष दिलेल्या वेळेत फारसा फरक नव्हता, पण डॉक्टर बसून बोलले तेव्हा रुग्णांना त्यांनी अधिक वेळ दिला असे वाटले. हे कळल्यापासून मी, दोन मिनिटे असली तरी, ती बसून देते. दुसरी गोष्ट शब्द पाळण्याची. "येते हं पाच मिनिटांत" असे आपण दिवसातून वीस वेळा म्हणतो आणि पाळत नाही. अंथरुणाला खिळलेले माणूस घड्याळाकडे बघत बसलेले असते. त्यापेक्षा "दुपारच्या औषधांनंतर येते, त्याआधी जमणार नाही" असे सांगून त्या वेळी खरोखर जाणे चांगले. गेल्यावर काही करता आले नाही तरी.

आपले बोलण्याइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे काम म्हणजे पाहणे. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक इथलीच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. वृद्धांच्या विभागातील माझ्या सुरुवातीच्या काळात एक आजोबा होते. दाखल झाले तेव्हा बोलके होते, सगळ्यांची चौकशी करायचे. तिसऱ्या दिवसापासून ते शांत झाले. घंटा वाजवेनात, काही मागेनात, भरवले तर खात, नाहीतर डोळे मिटून पडत. शेजारच्या खाटेवर आरडाओरडा करणारा रुग्ण होता, त्यामुळे मी पाळी सोपवताना आजोबांविषयी "काही त्रास नाही, अगदी गुणी पेशंट" असे सांगत राहिले. दोन दिवसांनी एका अनुभवी परिचारिकेने त्यांना आज वार कोणता ते विचारले, आणि ते वाक्य सुरू करून मध्येच हरवले. त्यांना डेलिरियम झाला होता, म्हणजे शरीरातील बिघाडामुळे मेंदूच्या कामात अचानक येणारी संभ्रमावस्था. आणि त्याचे कारण लघवी तुंबणे हे होते. डेलिरियम म्हणजे बडबड, ओढाताण, सलाईन उपसून काढणे, एवढेच मला ठाऊक होते. त्याचा गप्प, सुस्त प्रकारही असतो आणि तोच जास्त नजरेतून सुटतो, हे मी त्या आजोबांकडून शिकले.

म्हणून रुग्ण उदास, चिडचिडा, घाबरा किंवा अचानक गप्प झालेला दिसला, तर आधी शरीराकडे पाहावे. वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी पाणी पिणे, जंतुसंसर्ग, झोप न होणे, नव्याने सुरू झालेले औषध, यांपैकी कशानेही माणूस बदलतो. मधुमेही रुग्णाला घाम सुटून तो चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला तर साखर उतरलेली असू शकते. श्वासाचा त्रास असलेला रुग्ण बेचैन झाला तर प्राणवायू कमी पडत असेल. अशा वेळी धीर देत बसू नये, परिचारिकेला लगेच हाक मारावी. स्टेरॉइडने काहींची झोप उडते आणि मनःस्थिती खालीवर होते. पक्षाघातानंतर काही रुग्णांना कारण नसताना रडू किंवा हसू कोसळते आणि ते त्यांना आवरता येत नाही. त्या वेळी त्यांना आतून दुःख वाटतच असेल असे नाही. ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना आपले बोलणे पुष्कळदा समजत असते. त्यांच्या खाटेशेजारी उभे राहून त्यांच्याविषयी बोलू नये, हे नातेवाइकांनाही हळूच सांगावे लागते.

डेलिरियम आणि नैराश्य यांतला फरक सहाय्यकाने ठरवायचा नाही, पण एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळी ठीक असलेला रुग्ण संध्याकाळी आपल्याला ओळखत नाही. नैराश्य सावकाश मुरते. प्राथमिक तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांत गेल्या दोन आठवड्यांविषयी विचारतात: मन खिन्न, निराश वाटते का, आणि पूर्वी ज्यात रस वाटे त्यात आता तो वाटत नाही का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला न विचारताही दिसते. रोज केस विंचरून घेणाऱ्या बाई "राहू दे" म्हणू लागतात, नातवाचा फोन आला तरी हात पुढे करत नाहीत, चष्मा मागायचे सोडून देतात.

चष्म्यावरून आठवले. मनाच्या काळजीसाठी काही विशेष कौशल्य लागते असे वाटणाऱ्यांना मी शॅरन इनोये यांनी येल विद्यापीठात असताना केलेल्या अभ्यासाविषयी सांगते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेले सत्तरी ओलांडलेले ८५२ रुग्ण होते. नेहमीची काळजी मिळालेल्या गटात १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, तर विशेष काळजी मिळालेल्या गटात ९.९ टक्के रुग्णांना. ही विशेष काळजी म्हणजे काय, तर वार, तारीख, जागा यांची आठवण करून देणे, रात्री आवाज कमी ठेवून झोपू देणे, लवकर उठवून चालवणे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणे, आणि वेळेवर पाणी पाजणे. त्यातला बराचसा भाग प्रशिक्षित स्वयंसेवकांनी पार पाडला. तेव्हा सकाळी तोंड पुसल्यावर चष्म्याची काच पुसून तो नाकावर ठेवणे ही मनाचीच शुश्रूषा आहे. ड्रॉवरमध्ये पडलेली श्रवणयंत्रे आणि कपात विसरलेल्या कवळ्या मी इतक्या पाहिल्या आहेत, की नव्या सहाय्यकांना मी पहिल्या दिवशी तेच शोधायला लावते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी मात्र वार-तारखेचा आग्रह धरू नये. ऐंशी वर्षांच्या बाई "मला आईकडे जायचंय" म्हणाल्या, तर "तुमची आई कधीच गेली" असे सांगण्यात काय अर्थ आहे? त्यांना ती बातमी नव्याने कळते आणि दुःखही नव्याने होते. "आई येईल हं संध्याकाळी" असे खोटे बोलणेही मला पटत नाही. "आईची आठवण येतेय. कशी होती तुमची आई?" एवढे पुरते, आणि बोलता बोलता लघवीला जायचे आहे का, थंडी वाजते का, कुठे दुखते का, हे पाहून घ्यावे, कारण 'आईकडे जायचंय' याचा अर्थ कित्येकदा 'इथे मला बरे वाटत नाही' इतकाच असतो.

या सगळ्यात परिस्थितीनुसार बरेच बदलते, हे कबूल करायला हवे. खांद्यावर ठेवलेला हात एकाला आधार वाटतो आणि दुसऱ्याला नकोसा होतो. मी आधी हात जवळ नेते आणि त्यांनी धरला तरच धरते. काही जणांना मुळीच बोलायचे नसते, आणि त्यांच्या गप्पपणाचा मान राखणे हाही आधारच असतो. अतिदक्षता विभागात, प्रसूतीनंतरच्या वॉर्डमध्ये किंवा मनोरुग्णांच्या विभागात नियम वेगळे असतात. तिथले शिक्षण घेतल्याशिवाय माझे म्हणणे तसेच्या तसे लागू करू नका. रुग्ण संतापून अंगावर येत असेल, तर समजूत काढण्याआधी दोन पावले मागे सरून दाराकडची बाजू मोकळी ठेवावी आणि मदत मागवावी.

मर्यादांविषयी थोडक्यात. "मला कॅन्सर आहे का गं?" असे विचारल्यावर हो किंवा नाही, दोन्ही आपण म्हणायचे नाही, "तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय?" असे विचारून, "तुम्हाला हे जाणून घ्यायचंय असं मी सिस्टरना सांगते" असे म्हणायचे आणि खरोखर सांगायचे. स्वतःचा खासगी नंबर देणे, पैसे किंवा वस्तू घेणे, सुटीच्या दिवशी मुद्दाम एकाच रुग्णाला भेटायला येणे, हे त्या वेळी मायेचे वाटते, पण त्या रुग्णाला आपल्याशिवाय कोणाकडूनही काही करून घ्यावेसे वाटेनासे होते आणि शेवटी त्रास त्यालाच होतो. आपल्या घरातले दुःख सांगून त्याला धीर देणेही असेच उलटते; तो आपलीच काळजी करू लागतो.

तुमचे स्वतःचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण परवाच्या प्रसंगाविषयी इतके लिहावेसे वाटले, यावरून तो तुमच्या मनातून गेलेला नाही हे दिसते. अशा वेळी वरिष्ठ सहकाऱ्याजवळ पाच मिनिटे बोलून मगच घरी जा. कठीण पाळीनंतर मी हात जरा जास्त वेळ धुते आणि त्या दिवशी कोणाचे काय राहिले ते मनात म्हणून पुढच्या पाळीला सोपवते. हा माझा वैयक्तिक उपाय आहे, सगळ्यांना लागू पडेलच असे नाही. झोप उडाली, कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येऊ लागला, किंवा रुग्ण रडत असताना आपल्याला काहीच वाटेनासे झाले, तर मात्र त्यासाठी स्वतः मदत घ्यावी.

आता उद्याच्या सकाळविषयी. त्या बाईंकडे नेहमीच्या वेळी जा, परवाचा विषय टाळून हवापाण्यावर बोलू नका. बसा आणि त्यांना सांगा: "परवा तुम्ही रडलात तेव्हा मी घाईनं 'सगळं ठीक होईल' म्हणून विषय संपवला. तुमचं पुरतं ऐकलंच नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तरी मी सिस्टरना सांगितलंय, कारण मला तुमची काळजी वाटली." त्या रागावतील, गप्प राहतील, किंवा पुन्हा रडतील. यांपैकी काहीही झाले तरी लगेच उठू नका. पाणी गरम आहे तोवर आधी पाठ पुसायची की पाय, हे त्यांनाच विचारा आणि त्या सांगतील तिथून सुरुवात करा.